पाच पेट्या गेमिंग कॉम्प्युटर

सांगितलेल्या भावात मी वस्तू घेतली, असं आयुष्यात एकदाही झालेलं नाही. एकदाही! लग्नात हॉलवाल्याने डेकोरेशनचे जास्त लावले, तेव्हा मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत मी त्याच्याशी घासाघीस केली होती. भटजी "मुलीला बोलवा" म्हणून ओरडत होते आणि मुलगी मॅनेजरच्या केबिनमध्ये! आमचे हे, म्हणजे पराग, आजही सांगतात की त्या दिवशी बोहल्यावरून पळून जायची शेवटची संधी त्यांनी घालवली.

तर सांगायचा मुद्दा हा, की भाईंदर पूर्वेला नवघरमधल्या आमच्या साईछाया सोसायटीत काहीही एकत्र मागवायचं असलं, की सगळ्या माझ्याकडे येतात. मसाल्याच्या मिरच्या, वर्षाचे तांदूळ, आणि एप्रिलमध्ये माझ्या माहेरून, पावसहून येणाऱ्या हापूसच्या पेट्या. मी नावं घेते, माल आणते, घरी आल्यावर पैसे. कुणी भाव विचारत नाही. सुचेताने आणलंय म्हणजे स्वस्तच असणार!

त्यामुळे आमच्या अथर्वने गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचं काढलं, तेव्हा मी म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच ना? खरेदी माझ्यावर सोड."

तो घाबरला. खोटं कशाला सांगू, चेहराच पडला त्याचा.

अथर्व इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या कॉलेजची एक टीम आहे, ती इतर कॉलेजांशी कॉम्प्युटरवर मॅचेस खेळते. याला त्यात जागा मिळाली होती, पण खेळायला घरी स्वतःचा कॉम्प्युटर हवा आणि शनिवारी चार वाजता पहिली मॅच. शनिवारी नाही आला तर दुसरा मुलगा घेणार, असं त्यांची कॅप्टन इशिता हिने स्पष्ट सांगितलेलं. पैसे मात्र पोराने स्वतः जमवले होते हं! सुट्टीत मोबाईलच्या दुकानात उभा राहिला, शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या. वर थोडे आम्ही घालणार होतो. एकूण बजेट पंचावन्न हजार, त्यावर एक रुपया नाही, असा परागचा हुकूम.

तयार कॉम्प्युटर महाग पडतो म्हणून हा एकेक पार्ट निवडून घरी जोडणार होता. सहा महिने त्याचं तेच चाललेलं. जेवताना प्रोसेसर, झोपताना ग्राफिक्स कार्ड. हे घेतलं तर ते परवडत नाही, ते घेतलं तर हे त्याच्यात बसत नाही. मुलगी बघतानासुद्धा आमच्याकडे एवढा विचार झाला नव्हता. मीही त्याच्याबरोबर शिकत गेले आणि लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजी घेताना भेटेल तिला आठवडाभर हेच सांगत सुटले.

सोमवारी आम्ही स्टेशनजवळच्या नीरजभाईंच्या दुकानात गेलो. अथर्वने सगळे पार्ट काउंटरवर मांडून घेतले. नीरजभाईंनी आकडा सांगितला. मी पदर खोचला.

"ये पंखे तीन कायको? एक में होता नहीं क्या?"

"भाभी, गेमिंग मशीन है. गरम होता है."

"हम गाव में आठ लोग एक पंखे के नीचे सोते थे, कोई गरम नहीं हुआ!"

"आई!" अथर्व.

"तू थांब. नीरजभाई, और ये ग्राफिक्स कार्ड इतना महंगा? इससे सादा दिखाओ ना."

"आई, तेच तर मेन आहे! ते काढलं तर गेम चालणारच नाही."

"बरं बाबा, राहू दे. मग ही रॅम?"

नीरजभाईंनी कपाळाला हात लावला. "भाभी, रॅम का तो नामही मत लो. सोने जैसा हो गया है. सुबह एक भाव, शाम को दूसरा. मेरे को एक पीस पे कुछ नहीं छूटता. हाँ, पूरे कॉम्प्युटर के पाँच सेट उठाओगे तो जुने भाव में दूँगा. होलसेल."

होलसेल! हा शब्द माझ्यासमोर उच्चारायचा नसतो. माझ्या कानात सनई वाजायला लागते.

"पाँच सेट पक्का," मी म्हटलं.

"आई, पाच कशाला? मला एक हवाय!"

"अरे, चार मी आत्ता उभ्या करते. बघच तू."

नीरजभाई कॅल्क्युलेटर धरून उभेच. म्हणाले, अभी बोलो, नहीं तो भाव जाएगा. मी तिथल्या तिथे सोसायटीच्या लेडीज ग्रुपवर मेसेज टाकला. घाईत जेवढं सुचलं तेवढं लिहिलं. "नेहमीप्रमाणे होलसेल. फक्त चार राहिलेत. माल ए-वन. भाव रोज चढतोय. ताबडतोब नाव द्या. पैसे घरी आल्यावर."

मिनिटभरात नावं! आशाताई, मिनल, सलोनी आणि आमचे सेक्रेटरी बबनराव, जे लेडीज ग्रुपवर का आहेत हे कुणालाच माहीत नाही. चार झाले! पाठोपाठ संजनाने नाव दिलं, तर तिला कळवावं लागलं की संपले. ती रुसली. मी म्हटलं, आधी यायचं ना!

मग शंका सुरू झाल्या. आशाताईंनी विचारलं, "एकाचं वजन किती भरेल?"

मी नीरजभाईंना विचारून लिहिलं, "दहा-बारा किलो."

मिनलने विचारलं, "खराब निघाले तर बदलून मिळतील ना?"

मी लिहिलं, "तीन वर्षं वॉरंटी!"

त्यावर हसण्याच्या चित्रांचा पाऊस पडला. सलोनीने विचारलं, "घरात किती दिवस टिकतील?"

"पाच-सहा वर्षं सहज."

पुन्हा हसणं, टाळ्या, अंगठे. "सुचेताताईंचा कॉन्फिडन्स बघा!" असंही कुणीतरी लिहिलं. मला वाटलं, कौतुक चाललंय.

नीरजभाईंनी टोकन मागितलं. पाच सेट म्हणजे टोकनही तसंच. मी अथर्वची सगळी कमाई त्यांच्या खात्यात टाकायला लावली. "देख लो भाभी," ते म्हणाले, "पाँच से एक भी कम उठाया तो टोकन वापस नहीं मिलेगा."

"मेरी सोसायटी के लोग पीछे हटनेवाले नहीं," मी म्हटलं. वर एक माऊस आणि तीन माऊसपॅड फुकट घेऊनच बाहेर पडले. अथर्व रस्ताभर फोनवर आपलं रिकामं खातं बघत होता. मी त्याला म्हटलं, "शीक जरा आईकडून."

गुरुवारी सकाळी टेम्पो आला. मी आधीच ग्रुपवर "माल आला!" असं टाकून ठेवलं होतं. खाली जाऊन बघते तर सगळ्या हजर. पण मला जरा चमत्कारिक वाटलं. मिनलच्या हातात दोन मोठ्या कापडी पिशव्या. सलोनीने जुनी वर्तमानपत्रं आणलेली. आणि आशाताईंच्या शेजारी वॉचमन पंढरीनाथ भाताच्या पेंढ्याचा भारा घेऊन उभा!

"आशाताई, पेंढा कशाला?"

"अगं, पलंगाखाली पसरायला. मी जागा करून ठेवली आहे. दोन दिवस दार लावून ठेवलं की छान होतात."

"आशाताई, ह्याला हवा लागते. दार लावलंत तर तापेल!"

"तापल्याशिवाय पिकणार कसे?"

मी आशाताईंकडे बघितलं. आशाताईंनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात टेम्पोवाल्याने पहिला खोका खाली ठेवला आणि मिनलने वाकून त्याचा वास घेतला. "वासच येत नाही हो अजून."

माझ्या पायाखालची जमीन सरकली! एप्रिल महिना, नेहमीप्रमाणे, माल ए-वन, घरी आल्यावर पैसे. सगळ्या हापूसची वाट बघत होत्या!

"अहो, हे कॉम्प्युटर आहेत," मी म्हटलं. "गेमिंगचे. मी आठवडाभर सांगत नव्हते का?"

"ते तुमचं तुमच्या मुलासाठी चाललं होतं ना? आम्ही हो हो म्हणत होतो!" मिनल म्हणाली.

सलोनीने विचारलं, "आणि किती द्यायचेत?"

"पंचावन्न."

"शे?"

"हजार."

सलोनी वर्तमानपत्रं तिथेच टाकून लिफ्टकडे चालायला लागली. "माझं नाव कापा ताई. मी दोन डझन आंब्यांना तयार होते!" लिफ्टचं दार बंद झालं. टेम्पोवाला म्हणाला, "मॅडम, पाँच का पेमेंट लेके आने को बोला है. नहीं तो सब वापस."

अथर्व जिन्यात उभा होता. ओरडला असता, आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. नुसता त्या खोक्यांकडे बघत होता. दोन सुट्ट्यांची मेहनत, ती टीम, तो शनिवार, सगळं त्या टेम्पोत परत निघालं होतं, आणि ते मी घालवलं होतं. मला रडूच आलं. कंपाउंडमध्ये सगळ्यांसमोर, हातात फुकटचं माऊसपॅड घेऊन!

माझं रडणं बघून आशाताई हेलावल्या. त्या गणिताच्या रिटायर्ड बाई, आता घरी शिकवण्या घेतात. म्हणाल्या, "रडू नकोस गं. ए अथर्व, इकडे ये. काय आहे हे सांग मला."

अथर्व एकेक पार्ट सांगत गेला. कुठला का घेतला, कुठे पैसे वाचवले, कुठे वाचवायचे नसतात. आशाताई मधूनच शाळेतल्यासारखे उलटे प्रश्न विचारत होत्या आणि हा चोख उत्तरं देत होता. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"ह्याच्यावर गेम खेळायला मुलं येतील?"

"मॅडम, रांग लागेल!"

"मग मला एक दे. परीक्षेआधी माझी अर्धी मुलं दांड्या मारतात. दहा गणितं बरोबर आली की पंधरा मिनिटं खेळ. बघते कसा कोण दांडी मारतो ते!"

एक गेला! तेवढ्यात मिनलचा नवरा निकेत ऑफिसला जायला खाली उतरला. ग्राफिक्स कार्डचा खोका बघून त्याने बॅग खालीच ठेवली. लग्नातही त्याचा चेहरा इतका खुलला नसेल.

"मिनल, हा घेऊया. अभ्यासाला उपयोगी पडेल."

"कुणाच्या अभ्यासाला? पोरगा दोन वर्षांचा आहे आपला!"

"अगं, आत्तापासूनच सवय नको का?"

मिनलने त्याच्याकडे असं काही बघितलं की मी दुसरीकडे मान वळवली. पण निकेतने फोन काढून पेमेंट केलंसुद्धा. बोनस आला होता म्हणे त्याचा, जो मिनलला अजून माहीत नव्हता. त्याचं भांडण त्यांनी वर जाऊन केलं.

बबनरावांनी घसा खाकरला. "सोसायटीच्या ऑफिसला कॉम्प्युटर मंजूर आहेच मागच्या मीटिंगला. पण ह्यात मेन्टेनन्सची बिलं निघतील का?"

"काका, डोळ्याची पापणी लवायच्या आत निघतील," अथर्व म्हणाला.

"आणि हे आत रंगीत दिवे कसले?"

"ते बंद करता येतात."

"नको, असू दे," बबनराव म्हणाले. "गणपतीत उपयोग होईल."

अथर्वचा धरून चार झाले. पाचवा कोण? टेम्पोवाला घड्याळ बघायला लागला. मी वॉचमनकडे आशेने बघितलं, तर पंढरीनाथ पेंढ्यासकट गेटकडे सटकला. एवढ्यात वरून हाक आली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत संजना उभी! तीच ती, रुसलेली. तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

"काय वाटताय खाली?"

मी खरं ते सांगणार होते, देवाशप्पथ. पण आशाताई शिकवणाऱ्या बाई, त्यांना माणसं कळतात. त्या म्हणाल्या, "काही नाही गं संजना, तुला नाही परवडायचं. एकच उरलाय, तो परत चाललाय."

"परत का? आणि मला का नाही परवडायचं? मिनलने घेतला ना? मग तो माझा!" ती गाउनवर ओढणी घेऊन धडाधडा खाली आली, पैसे भरले, आणि मगच विचारलं, "आहे काय ह्याच्यात?"

टेम्पो रिकामा गेला! मी अथर्वला मिठी मारली. तो म्हणाला, "आई, सगळे बघतायत." पण हसला. मला तेवढं पुरे होतं.

आता इथे गोष्ट संपायला हवी की नाही? नाही संपली! कारण पार्ट मिळाले म्हणजे कॉम्प्युटर मिळाला असं नाही. संध्याकाळी मिनल दारात. "सुचेताताई, हे जोडायचं कसं? तुम्ही नेहमी घरपोच करून देता." मिरच्या मी दळून द्यायचे ना, मग कॉम्प्युटर जोडून का नाही? मी तोंडघशी पडले. अथर्व स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघाला.

मिनलकडे सगळं जोडून झालं. बटण दाबायच्या आधी ती म्हणाली, "थांब, पूजा करते." नवीन वस्तू, पूजा नको? तिने कॅबिनेटच्या, म्हणजे सगळे पार्ट ज्यात बसतात त्या डब्याच्या, काचेवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, हळद लावली, नारळ फोडला, आणि भक्तिभावाने वरून मूठभर अक्षता टाकल्या. कॅबिनेटला वर जाळी असते, अक्षता थेट आत. निकेतने बटण दाबलं आणि आतून असा खडखडाट झाला की त्यांचा पोरगा किंचाळून पलंगाखाली गेला! सगळे तांदूळ पंख्यात. अथर्वने सगळं परत उघडलं आणि भुवया कोरायच्या चिमट्याने दाणा दाणा वेचला. शुक्रवार निम्मा त्यात गेला.

आशाताईंकडे जोडताना शिकवणीची मुलं भोवती, प्रत्येकाला एक स्क्रू फिरवायचा होता. संजनाने वास्तूप्रमाणे चार कोपरे बदलले आणि शेवटी पहिल्याच कोपऱ्यावर आली. सोसायटीच्या ऑफिसात प्लग पॉइंटच नव्हता, त्यासाठी बबनराव मीटिंग बोलवायला निघाले होते, त्यांना आवरावं लागलं. प्रत्येक घरी पोहे, शिरा, चहा. पोराला मी "आता पुरे" म्हणून ओढून आणलं तेव्हा शनिवारचे तीन वाजत आले होते आणि आमचा स्वतःचा सेट अजून खोक्यात!

मग मात्र काय हात चालला हो त्याचा! चार जोडून झालेले, पाचवा तो जवळजवळ डोळे मिटून जोडत होता. मॉनिटर बजेटमध्ये बसला नव्हता, म्हणून हॉलमधल्या टीव्हीलाच वायर लावली. मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. चारला दहा कमी असताना त्याने बटण दाबलं.

काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. अथर्वचा चेहरा पांढरा पडला. मी गणपतीला एकवीस मोदक बोलून मोकळी झाले. तेवढ्यात पराग पेपर बाजूला ठेवून उठले, कॅबिनेटच्या मागे वाकले आणि म्हणाले, "हा मागचा स्विच बंद आहे." टक्! सगळं इंद्रधनुष्यासारखं उजळलं. पराग पुन्हा पेपर वाचायला बसले. आमच्या संसारात त्यांनी केलेली ही सर्वात मोठी गोष्ट.

मॅच सुरू झाली. एकीकडे पाच, दुसरीकडे पाच, भिंतीआडून एकमेकांवर गोळ्या. मी सोफ्यावर मागे बसले. काहीही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण डोळ्यांसमोर आपल्या पोरावर कुणी बंदूक रोखून येतंय म्हटल्यावर आईने गप्प बसायचं?

"अथर्व, बघ, दारात कोण उभाय! मार त्याला! मार!"

एकोणीस वर्षं ज्या मुलाने माझं एक ऐकलं नाही, त्याने नेमकं तेव्हा ऐकलं! धाड! समोरचा आडवा. मी टाळ्या वाजवल्या. टीव्हीतून एका मुलीचा आवाज आला, "अथर्व, मला का मारलंस?"

ती इशिता होती. त्यांची कॅप्टन.

बाकीच्यांनी कशीबशी मॅच ओढून नेली, म्हणजे जिंकलेच ते. अथर्वने एकट्याने शेवटचे दोघे टिपले, मी तोंडावर उशी दाबून घेतली होती म्हणूनच बहुतेक. संपल्यावर इशिता म्हणाली, "अथर्व, तू टीममध्ये पक्का. पण मागे ओरडत होतं ते कोण?"

"आई," हा म्हणाला.

"मग एक अट आहे."

तेव्हापासून दर शनिवारी चार ते सहा मला घरात यायला बंदी आहे. माझ्या घरात! टीव्ही माझा, सोफा माझा, आणि मी खाली गेटजवळच्या बाकावर. वरून मध्येच "येस्स!" असं ओरडणं ऐकू येतं, तेव्हा कोण जिंकतंय ते मला कळतं आणि बरं वाटतं, अगदी मनापासून. मागच्या शनिवारी पंढरीनाथ जवळ येऊन बसला. म्हणाला, "ताई, घरात काय भांडण हाय का? दर शनवारी बाहेर काढत्यात तुम्हाला?"

"छे हो! माझा मुलगा टीममध्ये आहे, म्हणून."

पंढरीनाथला ते काही पटलेलं दिसलं नाही. त्याने आपल्या चहातला अर्धा चहा मला ओतून दिला.